तेवीसची रेघ

माझ्या बिअरच्या बादलीवर लिटरच्या रेघा आहेत. सगळ्यात वरची २३ ची. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरी बिअर करायला परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही. मी पहिल्यांदा स्टाउट, म्हणजे काळी बिअर, केली तेव्हा त्या रेघेवर विसंबून अर्ध्या लिटरच्या ४६ बाटल्या धुतल्या, निर्जंतुक केल्या, ओट्यावर पालथ्या घातल्या. भरल्या ३९. सात बाटल्या उगाच आंघोळ करून परत माळ्यावर.

साडेतीन लिटर गेली कुठे? तळाशी यीस्टचा दोन बोटं जाड गाळ बसतो, अडीच लिटर तर त्यानेच अडवलेले. हायड्रोमीटरने घनता मोजायला काढलेले नमुने मी चाखून संपवले होते (मोजणं हे निमित्तच). बाकीची भीतीपोटी सोडलेली, गाळ नळीत ओढला जाऊ नये म्हणून.

बाटल्यांचं एवढं काही नाही, साखरेचं आहे. बाटलीत फेस धरावा म्हणून भरण्याआधी साखर घालतात, मी स्टाउटला लिटरमागे साडेचार ग्रॅम धरतो. २३ लिटरची १०४ ग्रॅम होते, साडेएकोणीसची ८८. मी १०४ घातली होती. स्टाउटचा फेस सायीसारखा बसायला हवा, माझा उठून ग्लासाबाहेर निघाला. याहून बरीच जास्त पडली तर बाटली फुटतेसुद्धा. आता मी आधी नळीने दुसऱ्या बादलीत बिअर उतरवतो, तिथली रेघ वाचतो आणि मगच साखर तोलतो.

पण नळी कुठे थांबवायची? फिकट बिअर निवळली की वरून डोकावलं तरी गाळाची हद्द कळते. स्टाउटही निवळते, पण तसं दाखवत नाही. १८१७ साली डॅनियल व्हीलरने माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) काळाकुट्ट भाजायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि मूठ-दोन मुठी माल्टमध्ये सगळी बिअर काळी करायची सोय झाली. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून बादलीचा तळ शोधायची वेळ त्याच्यावर आली नसावी.

मागच्या उन्हाळ्यात आई आली होती. तिला हा उद्योग मुळीच पसंत नाही. पण चाळीस वर्षं लोणी कढवलेल्या बाईला समोर कुणी अंदाजाने ओतत बसलेलं बघवेना. "अरे, उजेड धर की मागून!" म्हणाली आणि माझ्याच मोबाईलची टॉर्च तिने नळीमागे धरली. ग्लासात डांबरासारखी दिसणारी स्टाउट करंगळीएवढ्या नळीत तांबूस होती, चक्क आरपार. मी बादली हळूहळू कलती करत गेलो. नळीतला तांबूस रंग जरासा गढुळला.

"थांब, बेरी आली."

नळी चिमटीत दाबली. दुसऱ्या बादलीत साडेवीस लिटर. साखर ९२ ग्रॅम, बाटल्या ४१. आई पहिल्या बादलीत वाकून बघत होती.

"बेरीत साखर घालून खाता तरी येते. ह्याचं काय करतोस?"

"झाडांना घालतो."

"एवढं सगळं?" ती म्हणाली आणि बादली अजून थोडी कलती करून बघू लागली.