क्वीन्सटाउनची ट्रिप आणि बाबांचं बँक स्टेटमेंट

सिडनीहून न्यूझीलंडमधलं क्वीन्सटाउन म्हणजे साधारण तीन तासांची फ्लाइट, इथले लोक लाँग वीकेंडला जाऊन येतात. मी आणि बायको ऑस्ट्रेलियाचे पीआर (कायमचे रहिवासी), त्यामुळे भारतीय पासपोर्ट असूनही न्यूझीलंडचा व्हिसा लागत नाही, एनझेडईटीए (प्रवासाची ऑनलाइन परवानगी) अ‍ॅपवरून काढलं की झालं. पण यावेळी आई-बाबा आलेले, त्यांना सोडून कुठे जाणार! आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिजिटर व्हिसावर आलेल्या भारतीय माणसाला न्यूझीलंडचा वेगळा व्हिसा काढावाच लागतो.

फॉर्म ऑनलाइन आहे, लांबलचक पण सरळ. खर्चाला पैसे आहेत हे दाखवायचं, माणशी महिन्याला १,००० न्यूझीलंड डॉलर, राहण्याचे पैसे आधी भरलेले असतील तर ४००. पैसे होते हो, बाबांच्या पेन्शनच्या खात्यात बक्कळ होते. फक्त आहेत असं कागदावर लिहून द्यायला बँक तयार नव्हती.

बाबांनी पासबुक आणलेलं, पण शेवटची एंट्री दिवाळीच्याही आधीची. चुलत भावाला शाखेत पाठवलं, तर काउंटरवरचे म्हणे खातेदाराला घेऊन या. तो म्हणाला ते सिडनीत आहेत. "मग आल्यावर या." अरे आल्यावर कशाला हवंय स्टेटमेंट? बिचारा परत गेला तर जेवणाची सुट्टी, नंतर सर्व्हर डाउन, नंतर साहेब ऑडिटमध्ये. मी इकडून फोन लावतोय तर कोणी उचलत नाही, ईमेल केलं तर लगेच आपोआप उत्तर की आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे, आणि पुढे काही नाही. शेवटी एक बाई जरा नीट बोलल्या, म्हणाल्या नेटबँकिंगवरून काढा ना. काढलं असतं मॅडम, पण ओटीपी जातो बाबांच्या भारतातल्या सिमवर, आणि ते सिम रोमिंग चालू न करता आईच्या औषधांच्या डब्यात जपून ठेवलेलं. रोमिंग चालू करायला कस्टमर केअरला फोन केला तर तिकडची मुलगी म्हणते, सर व्हेरिफिकेशनसाठी आपल्या नंबरवर ओटीपी पाठवलाय. मी फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

मग भावानेच तिकडून त्या नंबरवर रोमिंगचा पॅक मारला, सिम माझ्या जुन्या फोनमध्ये घातलं आणि रात्री उशिरा एकदाचा ओटीपी आला. पीडीएफ उतरली तर तिला पासवर्ड, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख, आणि बँकेत बाबांचं नाव आडनावापासून सुरू होतं हे कळेपर्यंत अजून एक चहा झाला. (अपलोड करताना तो पासवर्ड काढून टाका.) बाबा हे सगळं बघत शांत बसलेले, म्हणाले, "मी तर आधीच म्हटलं होतं, इथल्याच ब्लू माउंटन्सला जाऊ."

तर आई-बाबा भारतातून निघायच्या आधीच रोमिंग, नेटबँकिंग आणि शिक्का मारलेलं स्टेटमेंट, तिन्ही करून घ्या. त्यांचा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना तेही बघा, नाहीतर क्वीन्सटाउनला जाल पण परत कसे येणार? सातबारा वगैरे मराठी कागद जोडणार असाल तर इंग्रजी भाषांतर लागतं आणि ते घरच्या माणसाने केलेलं चालत नाही. तिकीट व्हिसा आल्यावरच काढा. पर्यटकांवरची लेव्ही (कर) ऑक्टोबर २०२४ पासून १०० न्यूझीलंड डॉलर झालीय, ती व्हिसाच्या फीबरोबरच भरावी लागते, पीआरवाल्यांना नाही.

क्वीन्सटाउनबद्दल काय सांगू, वाकाटिपू तलाव ८० किलोमीटर लांब, समोर रिमार्केबल्सचे डोंगर, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. एअरपोर्ट डोंगरांच्या मधोमध आहे, ढग खाली आले की विमान इन्व्हरकार्गिल किंवा क्राइस्टचर्चला वळवतात, म्हणून परतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी ऑफिस ठेवू नका. मिलफर्ड साउंड (डोंगरांमधली समुद्राची खाडी) बसने जाऊन येऊन अख्खा दिवस खातो, छोट्या ट्रिपमध्ये घालू नका, त्यापेक्षा ग्लेनॉर्की गाव पाऊण तासावर आहे. खाण्याचं जे काही बॅगेत असेल ते डिक्लेअर करा, लपवलं तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. आईचं मेतकूट डिक्लेअर केलं, ऑफिसरने हुंगून परत दिलं.

कावाराऊ पुलावर बंजी बघायला पैसे पडत नाहीत. ४३ मीटरवरून पोरं उड्या मारतात, १९८८ पासून चालू आहे, आणि बाबा तिथून हलायलाच तयार नव्हते.