मॉन्टेरेच्या थंड पाण्यात, हातोडी घेऊन

कॅलिफोर्नियातल्या बे एरियातले माझ्या ओळखीचे बरेच मराठी लोक तारकर्लीला नाहीतर गोव्यात स्कूबा शिकून आलेले आहेत. इथे आल्यावर ते एकदा मॉन्टेरेला जातात, थंडीने कुडकुडतात, ऑटर, म्हणजे समुद्री पाणमांजरं, बघतात आणि परत येतात. मी आणि माझी मावसबहीण या वेळी तिथे कामाला गेलो. टँकर्स रीफ या पाण्याखालच्या खडकावरचे जांभळे सी अर्चिन, म्हणजे गोल, काटेरी समुद्री प्राणी, हातोडीने फोडायचे, म्हणजे केल्पला, तळापासून झाडासारख्या उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाला, पुन्हा उगवायला जागा मिळते. हे काम हौशी डाइव्हर स्वतःच्या खर्चाने, सुट्टीच्या दिवशी करतात. त्यांना आणखी हात हवे आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण ती नेहमी चुकीची सांगितली जाते. जांभळा अर्चिन बाहेरून आलेला नाही, तो इथलाच आहे. बिघडला तो समतोल. 2013 पासून या किनाऱ्यावरच्या स्टारफिशना रोग लागला आणि सनफ्लॉवर सी स्टार, म्हणजे वीस-चोवीस बाहूंचा, अर्चिन खाणारा मोठा शिकारी, कॅलिफोर्नियातून जवळजवळ नाहीसा झाला. (त्या रोगामागचा जीवाणू, व्हिब्रियो पेक्टेनिसिडा, शोधायला 2025 उजाडलं.) पाठोपाठ 2014 ते 2016 समुद्र तापला. केल्पला थंड, पोषक पाणी लागतं, ते मिळेना. कपारीत बसून वाहून आलेल्या पानांवर जगणारे अर्चिन उपाशीपोटी बाहेर पडले आणि उभा केल्प बुडापासून खात सुटले. उत्तर कॅलिफोर्नियात बुल केल्पची नव्वद टक्क्यांहून जास्त जंगलं गेली. केल्पवर जगणाऱ्या लाल अ‍ॅबलोनी या मोठ्या समुद्री गोगलगायीची उपासमार झाली आणि 2018 पासून तिची हौशी मासेमारी बंद करावी लागली.

मॉन्टेरेत ऑटर आहेत, मग तेच का खात नाहीत? खातात, पण केल्पमध्ये राहणारे, भरलेले अर्चिन. ओसाड भागातल्या उपाशी अर्चिनच्या आत खाण्यासारखं काही उरलेलंच नसतं, त्यामुळे ऑटर त्यांच्याकडे वळत नाही. आणि हे उपाशी अर्चिन मरतही नाहीत, वर्षानुवर्षं तसेच तग धरून राहतात. इथले डाइव्हर त्यांना झॉम्बी म्हणतात. त्या जागी माणसाचा हात लागतो.

टँकर्स रीफ डेल माँटे बीचसमोर आहे. कीथ रूट्सार्ट आणि त्यांच्या जायंट जायंट केल्प रिस्टोरेशन या स्वयंसेवी प्रकल्पाने बराच पाठपुरावा केल्यावर राज्याच्या फिश अँड गेम कमिशनने 1 एप्रिल 2021 पासून इथे स्कूबा डाइव्हरना हाताने किंवा हातातल्या अवजाराने जांभळे अर्चिन कितीही काढायची, पाण्यातच फोडायचीही मुभा दिली. उत्तरेला मेंडोसिनो काउंटीत कॅस्पर कोव्हलाही अशी मुभा दिली गेली. हे नियम मुदतीचे असतात आणि बदलतात. त्यामुळे निघायच्या आठवड्यात डिपार्टमेंट ऑफ फिश अँड वाइल्डलाइफच्या संकेतस्थळावर आजचा नियम स्वतः वाचा. हद्द अक्षांश-रेखांशांनी ठरवलेली आहे, ती जीपीएसमध्ये भरून ठेवा. आणि सॅन कार्लोस बीचचा ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, जिथे आपण सगळे सरावाला उतरतो, तो एडवर्ड एफ. रिकेट्स संरक्षित क्षेत्रात येतो. तिथे एकाही अर्चिनला हात लावायचा नाही.

सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला फिशिंग लायसन्स हवं, खायला एकही अर्चिन न्यायचा नसला तरी. ऑनलाइन मिळतं. वर्षाचं लायसन्स घेतलं तर ते घेतल्या तारखेपासून 365 दिवस चालतं, आणि एका किंवा दोन दिवसांचंही मिळतं.

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. सान होजेहून 101, मग 156, मग हायवे 1, पहाटे निघालात तर दीड तास. रविवारी दुपारी परतताना मात्र वेळेचा भरवसा धरू नका.

थंडीचं नीट सांगतो. मालवणच्या पाण्यात आपण टी-शर्ट घालूनही उतरतो. इथे तळाशी 10 ते 13 अंश असतं. सात मिलिमीटरचा वेटसूट, हूड, पाच मिलिमीटरचे हातमोजे, ही किमान तयारी. वर्षात चार-पाचदा जाणार असाल तर ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येणारा सूट, वापरायला शिकून घ्याच, कारण या कामात आपण फारसे पोहत नाही. एका जागी तरंगत हात चालवायचा असतो, आणि अंगात थंडी भरते ती तेव्हाच. एवढ्या जाड सूटबरोबर वजनंही जास्त लागतात. ज्यांनी फक्त गरम पाण्यात डाइव्ह केलंय त्यांनी आधी नुसत्या साध्या डाइव्ह करून इथली बॉयन्सी, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता तरंगणं, हातात आणावी, मगच हातोडी उचलावी. ही अट मी आमच्या घरच्या माणसांनाही घालतो.

हातोडी म्हणजे वेल्डिंगवाल्यांची चिपिंगची, एका बाजूला टोक आणि एका बाजूला छिन्नीसारखी धार असलेली. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिला दोरीचा फास करून मनगटात अडकवा. गुडघ्यांना पॅड लावा, अर्चिनचे काटे वेटसूटमधून आरपार जातात.

बोटीने बंदरातून बाहेर पडलो की थोड्याच वेळात जागा येते. खोली फार नाही, आम्ही तीस-चाळीस फुटांच्या आसपास होतो. खाली उतरल्यावर पहिल्यांदा दिसतो तो रंग. मऊ, थराथरांचा शेल दगड, शिंपल्यांनी पोखरून ठेवलेला, आणि त्या प्रत्येक खळग्यात एकेक जांभळा अर्चिन घट्ट बसलेला. मधल्या जागेत गुलाबी कवचासारखं शेवाळ सोडून काहीही नाही. ना पान, ना गोगलगाय, ना लपायला जागा शोधणारं माशाचं पिल्लू. मी जवळ जाऊन एक उलटा करून पाहिला. खालच्या बाजूला तोंड, त्यात पाच पांढरे दात एकत्र मिटलेले, आणि दात हळूहळू उघडझाप करत होते. दगडावर त्यांचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. फोडला तर आत जवळजवळ नुसतं पाणी.

फोडायची पद्धत अशी. टोकाने एकच नेमका घाव, कवच फुटलं की पुढे. दोन-तीन घाव घालत बसलात तर गाळ उठतो, समोरचं दिसेनासं होतं आणि हवा भराभर संपते. खळग्यात खोल बसलेल्याला टोक आत घालून फोडा, दगड फोडू नका, त्या भोकांत बाकीचे जीव राहतात. फुटल्याबरोबर सेनोरिटा मासे येतात, अगदी मास्कच्या काचेसमोर येऊन खातात, आणि मग बॅट स्टार सरकत येतो. त्या वेळी माशांकडे बघायचा मोह होतो. बघा, पण बडीकडे, म्हणजे जोडीदार डाइव्हरकडे, लक्ष ठेवून.

पहिल्या फेरीनंतर बोटीवर बहीण म्हणाली, "दादा, तू फार पुढे पुढे जातोस. मागे बरेच राहिलेत." तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि या सगळ्या कामाचा गाभा तोच आहे. शंभर जागी थोडे थोडे मारून केल्पला काहीही मिळत नाही. चौरस मीटरला दोनापेक्षा कमी अर्चिन उरले तर कोवळ्या केल्पला वाढायची संधी मिळते, हा इथे धरला जाणारा अंदाज. म्हणून एक छोटा तुकडा घ्यायचा, तो पूर्ण साफ करायचा, आणि काही आठवड्यांनी परत त्याच तुकड्यावर यायचं, कारण शेजारचे अर्चिन सरकत आत येतात. आज किती मारले याचे आकडे सांगण्यात लोकांना मजा येते. मला विचाराल तर कुठे मारले आणि परत कधी येणार, हेच विचारावं. जायंट केल्प चांगल्या पाण्यात दिवसाला दोन फूटसुद्धा वाढतो. जागा रिकामी ठेवली तर बाकीचं तो स्वतः करतो. आधी साफ केलेल्या एका कडेला आम्हाला हातभर उंचीची रोपं दिसली, पानांच्या बुडाशी हवेचे फुगे धरलेले. त्यांच्याभोवती आम्ही बराच वेळ काम केलं.

लाल अर्चिन फोडू नका. ते मोठे, लांब काट्यांचे असतात, पण पिल्लं फसवतात. शंका आली तर सोडून द्या. कपारीत अ‍ॅबलोनी असेल तर तिथे हातोडी नकोच.

फोडल्याने अंडी पसरून अर्चिन वाढतील, ही भीती बरेच जण बोलून दाखवतात. ओसाड भागातल्या उपाशी अर्चिनमध्ये जननग्रंथी जेमतेम उरलेल्या असतात, म्हणून तिथे मला ती फारशी पटत नाही. केल्पच्या कडेला चांगलं खाल्लेले अर्चिन असतात, तिथे ही शंका रास्त आहे, आणि तिथे प्रकल्पाचे लोक सांगतील तसंच करावं.

काटा घुसलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, वर दिसणारं टोक चिमट्याने काढा. सांध्याजवळ घुसला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

कधी जावं? सप्टेंबर ते नोव्हेंबर. वसंतात खालचं थंड पाणी वर येतं, हिरवंगार आणि गढूळ असतं, केल्पला ते हवंच असतं पण आपल्याला हात दिसत नाही. लाटांचा अंदाज आदल्या रात्री बघा. स्वेल, म्हणजे दुरून येणारी लाट, मोठी असेल तर उथळ रीफवर माणूस मागेपुढे फेकला जातो आणि हातात हातोडी असते, तेव्हा सरळ रद्द करा.

पाण्यात न उतरणाऱ्यांनाही काम आहे. बोटीवर वेळ नोंदवणं, टाक्या देणं, गरम चहा तयार ठेवणं. मुलांना मॉन्टेरे बे अ‍ॅक्वेरियममधला अठ्ठावीस फूट उंच टाकीतला केल्प आधी दाखवा, म्हणजे आपण कशासाठी चाललोय ते त्यांना कळेल.

आणि वर आल्यावर कपडे बदलायच्या आधी पाण्याखाली लिहायच्या पाटीवरची नोंद उतरवून घ्या. कोणत्या खुणेपासून कोणत्या खुणेपर्यंत साफ केलं, किती मिनिटं, अंदाजे किती अर्चिन, कुठे लाल दिसले. ती प्रकल्पाच्या लोकांना त्याच संध्याकाळी पाठवा. पुढच्या शनिवारी उतरणाऱ्या जोडीला तिथूनच सुरुवात करायची असते.