एका रकान्यात अडकलेले सात महिने

परदेशी मदतीतून रोजगारनिर्मितीचा प्रकल्प राबवला असे सांगितले की लोक आधी विचारतात, निधी मिळवलात कसा? त्याचे उत्तर लहान आहे. प्रस्ताव मागवले होते, आम्ही पाठवला. मुलाखत झाली, जुने हिशेब तपासले गेले, करार झाला आणि पहिला हप्ता ठरल्या दिवशी जमा झाला. ज्याची धास्ती घेतली होती ते सगळे सुरळीत पार पडले. अडलो ते दुसऱ्या हप्त्यापाशी, आणि तेही वार्षिक अहवालातल्या एकाच रकान्यामुळे. ‘निर्माण झालेल्या सन्मानाच्या नोकऱ्या : संख्या’ एवढेच त्याचे शीर्षक होते. त्या संख्येने आमचे सात महिने खाल्ले आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

प्रकल्प साधा होता. एका शिवणकाम केंद्राच्या नव्या यंत्रांची निम्मी किंमत मदतीतून द्यायची, निम्मी मालकाने घालायची, नव्या कामगार बायकांना प्रशिक्षण आमच्या संस्थेने द्यायचे. वर्षअखेरीस केंद्राच्या हजेरीपटावर ३६ नवी नावे होती. मी रकान्यात ३६ लिहिले आणि अहवाल पाठवून दिला. त्या दिवशी मला अभिमानच वाटला होता.

तीन आठवड्यांनी पत्र आले. निधी देणाऱ्या संस्थेने पडताळणीसाठी नेमलेल्या सल्लागार कंपनीने विचारले होते, ही ३६ माणसे आहेत की ३६ नोकऱ्या? प्रश्न वाचून मी चिडले, पण तो रास्त होता. श्रमशक्तीच्या सर्वेक्षणांत ज्याने आठवड्यातून एक तास मोबदल्यासाठी काम केले, तोही रोजगारात धरला जातो. मदतीच्या प्रकल्पांत असे चालत नाही. उद्योगविकासाला मदत करणाऱ्या देशांच्या व संस्थांच्या समितीने, म्हणजे डीसीईडीने, घालून दिलेल्या मानकात वर्षाचे २४० कामाचे दिवस म्हणजे एक नोकरी, आणि नव्या नोकऱ्यांतून गेलेल्या नोकऱ्या वजा करायच्या, असा हिशेब आहे. आमच्या केंद्राचे काम हंगामी. ३६ जणींचे मिळून ३,६०० दिवस भरले होते. २४० ने भागल्यावर १५ उरले. हे भागाकार म्हणून एका ओळीचे दिसते, पण हजेरीपटावर नुसत्या खुणा होत्या, अर्ध्या दिवसाची नोंद वेगळी नव्हती आणि दोन महिन्यांची पाने भिजून एकमेकांना चिकटली होती. पगारवहीशी ताळा घालत मी अकरा रात्री बसले. (प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून दिवसांची नोंदवही वेगळी ठेवा. हे मला कोणी सांगितले नव्हते.)

१५ चा आकडा पाठवला. पाच आठवडे शांतता. मग दुसरे पत्र, दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या सहीचे : यांपैकी किती जणी आधी कुठे कामाला होत्या? हा प्रश्न रुजू होतानाच विचारून ठेवायचा असतो. वर्ष उलटल्यावर विचारला की जिच्या तिच्या मनात संशय येतो, की आता काम जाणार. तरी एकेकीला बाजूला घेऊन विचारले. बारा जणी जवळच्याच एका कारखान्यातून आल्या होत्या. मी त्या कारखान्यात गेले, तिथल्या मालकाचे तिरकस बोलणे ऐकले आणि कळले, की सात जागा त्याने पुन्हा भरल्या होत्या, पाच भरल्याच नव्हत्या. म्हणजे त्या पाच जणींची नोकरी निर्माण झाली नव्हती, फक्त जागा बदलली होती. त्यांचे ४८० दिवस, म्हणजे २ नोकऱ्या वजा. राहिल्या १३.

तिसऱ्या पत्राने मात्र माझा संयम संपवला. या १३ नोकऱ्या सन्मानाच्या कशावरून, असे त्यात विचारले होते. ‘सन्मानाचे काम’ ही कल्पना आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची. हुआन सोमाविया महासंचालक असताना १९९९ मध्ये ती मांडली गेली आणि २०१५ मध्ये ठरलेल्या शाश्वत विकास ध्येयांत ती आठव्या क्रमांकाच्या ध्येयात आली. रोजगार, कामगारांचे हक्क, सामाजिक संरक्षण आणि मालक-कामगार संवाद असे तिचे चार खांब सांगितले जातात. ते एका रकान्यात कसे उभे करायचे, हे आमच्या करारात कुठेच लिहिलेले नव्हते. सल्लागार कंपनीने आपल्या सोयीने चार अटी काढल्या : किमान वेतन, सुरक्षित जागा, लेखी नेमणूकपत्र आणि सामाजिक विमा. पहिल्या दोन केंद्र पाळत होते. उरलेल्या दोन अटी घेऊन मी मालकाकडे गेले. तो सरळ म्हणाला, “ताई, आज मी त्यांना काम देतो. कागद दिला की मी त्यांचा मालक होतो.” जगातले कामावर असलेले ६० टक्क्यांहून जास्त लोक, म्हणजे सुमारे २ अब्ज, अनौपचारिक रोजगारात असल्याचे कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालात आहे, त्यामागचे एक मोठे कारण मला त्या वाक्यात ऐकू आले. विम्याचा पहिल्या वर्षाचा मालकाचा हिस्सा प्रकल्पातून भरण्याची परवानगी मागितली, ती मिळायला सहा आठवडे लागले. त्यानंतर त्याने १८ जणींना नेमणूकपत्रे दिली.

या काळात दुसरा हप्ता थांबलेलाच होता, आणि ज्याबद्दल सर्वांत जास्त वाईट वाटते ते इथे लिहिलेच पाहिजे. सन्मानाच्या नोकऱ्या मोजणाऱ्या आमच्या संस्थेतल्या तीन क्षेत्रकार्यकर्त्यांना दोन महिने पगार मिळाला नाही. त्यांच्या नेमणुका तीन-तीन महिन्यांच्या होत्या, विमा नव्हता. सल्लागार कंपनीच्या चार अटी आम्हाला लावल्या असत्या, तर तिघांपैकी एकाचीही नोकरी त्या मोजणीत टिकली नसती. एक मुलगी सोडून गेली, तिला थांब म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हते.

शेवटी मीच एक पान तयार केले. एका रकान्याऐवजी तीन : माणसे किती, पूर्ण वर्षाच्या नोकऱ्या किती, आणि त्यांतल्या चारही अटी पाळणाऱ्या किती. आमचे आकडे ३६, १३ आणि ८ (हा शेवटचा, नेमणूकपत्र मिळालेल्या १८ जणींचे दिवस २४० ने भागून). खाली प्रत्येक आकड्याची मोजणी कशी केली ते चार ओळींत. या पानाला नऊ दिवसांत मान्यता आली, आणि पुढच्या वर्षी इतर प्रकल्पांनाही तोच नमुना पाठवला गेला, हे सांगताना थोडा ताठा येतो, तो येऊ द्यावा. तुम्ही असा करार करणार असाल, तर हे पान सहीच्या आधी त्याला जोडून घ्या, आणि आक्षेप किती दिवसांत कळवायचे हेही त्यातच लिहून घ्या. आमच्या करारात अहवाल देण्याची मुदत आम्हाला होती, उत्तर देण्याची त्यांना नव्हती. हप्त्याच्या मागेपुढे दोन महिन्यांचे पगार निघतील एवढी रक्कम अंदाजपत्रकात वेगळी दाखवता येते का, हेही पहिल्याच बैठकीत विचारा. आम्ही संकोचाने विचारले नाही.

पैसे आले त्या दिवशी आधी थकलेले पगार दिले. मग केंद्रात जाऊन बायकांना हिशेब समजावला, कारण त्यांच्याकडून इतके कागद घेतल्यावर तेवढे देणे लागत होते. वर्षात ९६ दिवस भरलेल्या एकीने स्वतःचा आकडा विचारला. मी सांगितले, ०.४. “म्हणजे मी अर्धीसुद्धा भरत नाही,” असे म्हणून ती हसली आणि मग तिने विचारले, “उरलेले दिवस कुठून आणणार, ते त्या कागदात आहे का?” नव्हते. पुढच्या वर्षाच्या प्रस्तावात नव्या यंत्रांची मागणी काढून टाकली आणि हंगाम नसलेल्या पाच महिन्यांसाठी ऑर्डर मिळवून देणाऱ्या एका माणसाचा पगार घातला. तो प्रस्ताव सध्या छाननीत आहे.