आमच्या छोट्या रेल्वेची धाकटी बहीण

परवा भाच्याचा व्हिडिओ कॉल आला, इंग्लंडात डर्बीला असतो तो नोकरीला, रविवारी मित्रांसोबत सायकली घेऊन डोंगरात गेलेला. "मामा, छोटी रेल्वे बांधणाऱ्या साहेबाचं नाव काय सांगायचे हो आजोबा?" म्हणलं, कॅलथ्रॉप. तर म्हणे, "मग मी आत्ता त्याच्याच लाईनीवर उभाय बघा!" मला खरंच भरून आलं.

आम्ही ढोकीकडची माणसं, त्यामुळं बार्शी लाईट, म्हणजे आमची ही छोटी रेल्वे, आमच्या घरातलीच गोष्ट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं 1897 ला कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फूट रुंदीची लाईन सुरू केली, 1911 ला ती लातूरपर्यंत म्हणजे निजामाच्या मुलखात आली. त्याचा हिशोब साधा होता, इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनापेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग हलके रूळबी चालतात, खर्च कमी येतो आणि आमच्यासारख्या कोरडवाहू भागातबी रेल्वे परवडते. नाहीतर कोण आणणार होतं इथं गाडी!

भाचा उभा होता ती स्टॅफर्डशायरमधली मॅनिफोल्ड नदीची दरी. इकडचा अनुभव घेऊनच कॅलथ्रॉपनं तिथली लाईन केली, रुंदी तीच अडीच फूट, हुल्म एंड ते वॉटरहाऊसेस जेमतेम आठ मैल, 27 जून 1904 ला चालू झाली. इंजिनं फक्त दोन, त्यातल्या एकाला त्याचंच नाव. दोन्ही लीड्सच्या किटसन कारखान्यातली, जिथं आपल्या बार्शी लाईटचीबी काही इंजिनं बनली, आणि पुढं आपल्याकडच्यासारखेच मोठ्ठे दिवे.

गाडी जगली ती दुधावर. आजूबाजूच्या खेड्यातले शेतकरी दुधाचे कॅन स्टेशनावर आणून ठेवायचे आणि मोठ्या लाईनीचे वॅगन उचलून न्यायला कॅलथ्रॉपनं छोट्या चाकांचे खास ट्रॉलीसारखे डबे केलेले, म्हणजे मोठी लाईन जिथं भेटायची त्या वॉटरहाऊसेसला माल खालीवर करायची गरजच नाही. किती डोकं लावलं बघा. एका ठिकाणी बोगदा आहे, तो म्हणे जवळच्या बंगलेवाल्या मालकाला गाडी दिसू नये म्हणून पाडलेला, भाच्यानं त्यातून सायकल नेताना फोन चालूच ठेवला, नुसता अंधार आणि चाकाचा आवाज. पुढं याच लाईनीवरची एक्टनची डेअरी बंद पडली, मोटारी आल्या आणि 12 मार्च 1934 ला गाडीबी थांबली. तीसच वर्षं.

आपली मात्र शंभर वर्षांच्या वर धावली. आषाढीला पंढरपूरला जाणारी माणसं मालडब्यातसुद्धा बसायची, लातूरच्या आडतीचा माल जायचा, माझी आई लग्न होऊन याच गाडीनं आली, चढाला गाडी इतकी हळू व्हायची की मामा लोक उतरून बोरं तोडून परत चढले असं ती सांगायची. 2008 पर्यंत टप्प्याटप्प्यानं लातूर ते कुर्डुवाडी ब्रॉडगेज झालं, ते व्हायलाच पाहिजे होतं, 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली ती त्यामुळंच.

पण मॅनिफोल्डच्या लोकांनी रूळ निघाल्यावर 1937 ला त्याच जागेवर पायवाट केली, आजबी पोरं सायकली चालवतात, हुल्म एंडचं स्टेशन जपून ठेवलंय. आपल्याकडं जुन्या लाईनीचा भराव लोकांनी मुरूम म्हणून नेला आणि आमच्या जवळच्या दगडी स्टेशनाच्या खोलीत आता कडबा भरलेला असतो, याचं मला फार वाईट वाटतं.

भाच्याला म्हणलं थांब, मी बी तुला एक दाखवतो. फोन घेऊन शाळेत गेलो. तिथं लिंबाला तारेनं टांगलेला छोट्या रेल्वेच्या रुळाचा तुकडा आहे, खालचं टोक ठोकून ठोकून चकचकीत झालेलं. मधल्या सुट्टीची वेळ होतीच, शिपायाकडून लोखंडी दांडा मागून घेतला आणि मीच तीन टोले दिले. "आला का आवाज?" तिकडून म्हणे, "मामा, अजून एकदा वाजवा."