आईशिवायचा पहिला नाताळ

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये गुलाबी मेणबत्ती लागली. तीन जांभळ्यांत ती एकच, आनंदाची. मला तिच्याकडे बघवेना. आई जूनमध्ये गेली. पपांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येणं होत नाही. ख्रिस्तप्रसाद घरीच येतो.

यंदा नेवऱ्या, म्हणजे आमच्या नाताळच्या करंज्या, करायच्या नाहीत, असं ठरवलं होतं. पण शेजारच्या दोघी मावश्या खोबरं किसूनच आल्या. आईचं कातणं शोधून काढलं. पोटॅशियममुळे पपांना खोबरं, सुका मेवा बंद, म्हणून त्यांच्यासाठी साधे कुलकुल, पिठाचे छोटे गोड वळे, वेगळे तळले. पपा खाटेवरून म्हणाले, "कडा नीट दाब गो, तिची एकही फुटायची नाही."

गोठ्यात बाळ येशू आईच ठेवायची. २४ डिसेंबरच्या रात्री पपांनी ठेवला. हात थरथरत होता, मी धरला नाही.