नागपूरहून जहाजावर: चढण्याचा दिवस

मागच्या डिसेंबरात आई-बाबांना घेऊन मुंबईहून गोव्याला क्रूझने गेले. नागपूरहून निघणाऱ्यांना कळकळीची विनंती, त्याच सकाळी मुंबईत पोचणारी गाडी धरू नका. एक दिवस आधी निघा. आमची गाडी चार तास लेट झाली, पण हातात अख्खी रात्र होती. जहाज सुटण्याच्या बरंच आधी चेक-इन बंद होतं.

टर्मिनल बॅलार्ड पिअरला, सीएसएमटीहून टॅक्सीने जवळच. मोठ्या बॅगा टॅग लावून तिथेच घेतात, त्या थेट खोलीशी येतात, पण कधी कधी संध्याकाळी. बाबांच्या बीपीच्या गोळ्या नेमक्या त्याच बॅगेत! तीन तास माझा जीव टांगणीला. औषधं, ओळखपत्र, चष्मा, कपड्यांचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीतच ठेवा. इस्त्री नेऊ नका. आगीच्या धोक्यामुळे काढून घेतात.

आणि सुरक्षेची कवायत चुकवू नका. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. संकटात लिफ्ट वापरायची नसते, म्हणून गुडघे दुखत असूनही आई जिन्याने आली. संध्याकाळी तो रस्ता मी तिला पुन्हा एकदा हळूहळू चालवून दाखवला.