तळातली पोकळी

माझी 16 फुटी फायबरची होडी देवबागला कर्ली खाडीत असते. 25 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (मागे बाहेरून लटकवलेलं इंजिन), दोन माणसं आणि शांत पाणी असलं की 20 नॉट (तासाला 20 सागरी मैल) सहज गाठायची. गेल्या ऑक्टोबरात पाण्यात उतरवली तर 17 च्या पुढे सरकेना. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, खाली दाबलेली, पाणी नांगरत चाललेली.

सगळा हंगाम मी इंजिनाच्या मागे लागलो. प्लग बदलले, कार्बुरेटर साफ केला, मित्राचा वेगळ्या पिचचा (पात्यांच्या पिळाचा) पंखा मागून आणून लावला. काही फरक नाही. मे महिन्यात होडी वर ओढली तेव्हा जुने मेस्त (सुतार) सहज बघायला आले आणि म्हणाले, "इंजिनाक कित्याक गाळी घालतस? आधी तळ बघ."

होडी उलटी केली. गवंड्याकडून सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणून तळावर लांबीच्या दिशेने ठेवली. मागच्या कडेपासून अडीच फुटांवर पट्टीखालून उजेड दिसला. 8 मिमीचा ड्रिल बिट त्या फटीत अलगद शिरला.

वेगात आलेली होडी पाण्यावर उचलली जाते आणि तळाच्या मागच्या भागावरच पळते. तिथेच पोकळ असली तर मागची कड पाणी खाली लोटते, त्याने मागची बाजू वर ढकलली जाते आणि नाळ पाण्यात रुतते. ओला तळ वाढला की वेग मेलाच. आणि ही पोकळी पाडली होती मीच. पावसाळाभर होडी दोन टायरांवर ठेवली होती, मागचा टायर कडेपासून अडीच फूट आत, आणि इंजिन तसंच मागे लटकलेलं. चार महिने तळ वाकत राहिला.

ग्राइंडरने जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत बाहेरचा थर, काढला. अंगाची खाज दोन दिवस गेली नाही. पाण्याखालचं काम म्हणून भराव एपॉक्सीचा (दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या रेझिनचा) करायचा ठरवलं. घरात चॉप्ड मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई) उरली होती, तीच लावायला घेतली, तर ती भिजून मऊच होईना. पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने मॅटचं बाइंडर (तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ) विरघळतं, एपॉक्सीत स्टायरीन नसतं. ती खरवडून टाकली आणि विणलेलं कापड आणलं. मेमधल्या उन्हात डब्यात एकदम जास्त मिसळलं तर डबाच धुमसायला लागला, म्हणून पहाटे उठून थोडंथोडं कालवायचो. सकाळी थरावर मेणचट साय आलेली असायची. दमट हवेत येतेच. ती पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा थर धरत नाही, हे एक थर पापुद्र्यासारखा सुटून आल्यावर कळलं.

भरावावर पट्टी आडवी-उभी फिरवत, लांब लाकडी ठोकळ्याला पॉलिशपेपर लावून घासत बसलो. यातच चार दिवस गेले. मागची कड मी हौसेने गोल केली होती. मेस्तांनी बोट फिरवलं आणि मान हलवली. गोल कडेला पाणी चिकटून वर वळतं आणि होडीला मागे ओढतं. ते तिथून सरळ तुटायला हवं. पुन्हा भरली, कोपरा टोकदार केला. एपॉक्सीवर जेलकोट नीट धरत नाही म्हणून वर एपॉक्सी प्रायमर आणि दोन भागांचा रंग मारला.

मेअखेरीला खाडीत उतरवली. भरती-ओहोटीचा ओढा धरून एकदा वर, एकदा खाली पळवली आणि मोबाइलच्या जीपीएसवर सरासरी काढली: 20.5. पण पूर्ण थ्रॉटलवर नाळ डोलायला लागली, वर-खाली, वर-खाली. माझ्याकडून भराव जरा जास्त झाला होता, तळ केसभर फुगीर राहिला होता. पुन्हा ग्राइंडर हातात घ्यायची ताकद नव्हती. इंजिनाची ट्रिमची पिन (जिने इंजिनाचा कल ठरतो) एक भोक आत घेतली, पेट्रोलची टाकी पुढे सरकवली, डोलणं थांबलं.

या पावसाळ्यात इंजिन घराच्या पडवीत आहे. होडीखाली थेट मागच्या कडेला आडवं लाकूड आहे, आणि पंधरा दिवसांनी मी पट्टी लावून बघतो.